इंग्लंडचा काउंटी हंगाम: खेळाडूच्या मागे जावे की एका काउंटीचे होऊन राहावे?

टाँटनकर (३० सप्टेंबर २०२५)

गेल्या आठवड्यात इंग्लंडचा काउंटी हंगाम, म्हणजे तिथल्या काउंट्यांच्या (परगण्यांच्या) क्रिकेट संघांची चार दिवसांच्या सामन्यांची स्पर्धा, संपला आणि दुपारी साडेतीननंतरची वेळ एकदम मोकळी झाली. तिकडे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेतीन झालेले असतात. पंच मैदानात उतरतात आणि पुण्यात माझ्या टेबलावर, कामाच्या कागदांशेजारी, सॉमरसेटचा सामना सुरू होतो. दिवसाची ९६ षटके पूर्ण होईपर्यंत आपल्याकडे रात्रीचे साडेदहा होतात. एप्रिलच्या आरंभापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत, चौदा सामने, हे असेच चालते.

मी नोकरीनिमित्त तीन वर्षे ब्रिस्टलला होतो, तेव्हा हा नाद लागला. ब्रिस्टल हे खरे तर ग्लॉस्टरशायरचे गाव, पण पहिल्याच वसंतात एका शुक्रवारी आगगाडीने टाँटनला, सॉमरसेटच्या मैदानावर गेलो आणि तिथलाच झालो. स्थानकापासून मैदानापर्यंत चालत जाता येते. एका बाजूला सेंट जेम्स चर्चचा मनोरा आहे, दूरवर क्वांटॉकच्या टेकड्या दिसतात, आणि मैदानाला लागून टोन नदी वाहते. प्रेक्षक बहुतेक वयस्कर. मांडीवर ब्लँकेट, शेजारी चहाचा थर्मास आणि हातात स्वतःची धावनोंदीची वही. माझ्या शेजारच्या बाकावरील आजोबांनी दिवसभरात माझ्याशी जेमतेम दहा वाक्ये बोलली असतील, परंतु चहापानाला त्यांनी आपल्या वहीतली सकाळच्या सत्राची पाने मला न मागता दाखवली. एकेक निर्धाव षटक त्यांनी सुबक अक्षरात टिपले होते.

सॉमरसेटने १८९१ मध्ये या स्पर्धेत प्रवेश केला आणि आजतागायत एकदाही ती जिंकलेली नाही. २०१६ चा शेवट मी तिकडे असतानाच झाला. आमचा शेवटचा सामना आम्ही एक दिवस राखून जिंकला होता आणि २३ सप्टेंबरला सारा संघ टाँटनमध्ये दूरचित्रवाणीसमोर बसून लॉर्ड्सवरील मिडलसेक्स आणि यॉर्कशायर यांचा सामना पाहत होता. तो अनिर्णित राहिला असता, तर विजेतेपद आमचे होते. दोन्ही कर्णधारांनी मात्र निकाल लावायचे ठरवले. यॉर्कशायरने हलकी गोलंदाजी करून मिडलसेक्सला झटपट धावा करू दिल्या, ४० षटकांत २४० धावांचे लक्ष्य ठेवले गेले आणि अखेरीस टोबी रोलंड-जोन्सने हॅटट्रिक घेऊन मिडलसेक्सला विजेते केले. त्या संध्याकाळी मी कार्यालयाच्या जिन्यात कानाला रेडिओ लावून उभा होतो. ते सारे नियमात बसणारे होते आणि जिंकण्यासाठी खेळणाऱ्या दोन संघांना दोष देता येत नाही, हे मला तेव्हाही कळत होते. तरीही त्या दिवसानंतर मी दुसऱ्या कोणत्या काउंटीचा होणे शक्य नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे की काउंटी हंगाम सुटे सुटे सामने पाहून कळत नाही. आपल्याकडचे बहुतेक रसिक भारतीय खेळाडू ज्या काउंटीत जाईल तिकडे तेवढ्यापुरते वळतात आणि तो परतला की तेही परततात. एक काउंटी निवडावी आणि तिचे चौदाही सामने, त्यातले कंटाळवाणे आणि पावसाने वाहून गेलेलेसुद्धा, सोबत करावेत, असे मला वाटते. इथल्या जाणकारांचा अनुभव काय आहे?

आकडेमोड (३० सप्टेंबर २०२५)

२०१६ हे एकच वर्ष नव्हते. सॉमरसेट २००१, २०१०, २०१२, २०१८ आणि २०१९ या वर्षांतही दुसरे आले. २०१० मध्ये तर नॉटिंगहॅमशायर आणि सॉमरसेट यांचे गुण समान, म्हणजे २१४ होते आणि केवळ सात विजय विरुद्ध सहा विजय या फरकाने विजेतेपद नॉटिंगहॅमला गेले. त्या नॉटिंगहॅमलाही पुढचे विजेतेपद मिळायला याच महिन्यापर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे थांबावे लागले.

शिवाजी पार्क (१ ऑक्टोबर २०२५)

टाँटनकर, आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून मीही मनापासून विरोध नोंदवतो. चार दिवसांचे क्रिकेट, रिकामी बाके, वही घेऊन बसलेला एखादा वृद्ध रसिक आणि संघाशी असलेली आयुष्यभराची निष्ठा, हे सगळे आपल्या रणजी करंडकातही आहे. मुंबईचा सामना असेल तर मी वानखेडेवर किंवा बीकेसीच्या मैदानावर जातो. प्रवेश विनामूल्य असतो आणि तरीही माझ्या रांगेत कोणी नसते. पुण्यातील रसिक गहुंजेला महाराष्ट्राचा सामना पाहण्यासाठी किती वेळा गेले, हा प्रश्न मी आपल्याला वैयक्तिकरीत्या विचारत नाही, सर्वांनाच विचारतो. एखाद्या संघाचे पराभवासह सारे आपलेसे करायचे असेल, तर तो संघ आपल्या मातीतला का नसावा?

दुसरे असे की काउंटी क्रिकेटचा तो जुना दर्जा आता राहिलेला नाही. एकेकाळी जगातील सर्वोत्तम खेळाडू पूर्ण हंगाम एका काउंटीकडून खेळत. आता ते दोन-तीन सामन्यांसाठी येतात आणि इंग्लंडचे स्वतःचे कसोटीपटूसुद्धा आपल्या काउंटीकडून फारसे दिसत नाहीत.

श्रीरामपूरकर (१ ऑक्टोबर २०२५)

मी खेळाडूच्या मागे गेलेल्यांपैकी आहे आणि परत न आलेल्यांपैकीही आहे.

२००६ मध्ये आमच्या श्रीरामपूरचा झहीर खान वूस्टरशायरकडून खेळायला गेला, तेव्हा तो भारतीय संघाबाहेर होता. आमच्या गावात त्याची धावसंख्या, म्हणजे बळींची संख्या, रोज विचारली जाई. मी तेव्हा महाविद्यालयात होतो आणि सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे भरून इंग्लंडमधील धावफलक उघडत असे. सॉमरसेटविरुद्ध पदार्पणातच त्याने सामन्यात दहा बळी घेतले. (टाँटनकर, हे आपल्याला आठवत असेलच.) पुढे चेम्सफर्डला एसेक्सच्या डावात पडलेले पहिले नऊच्या नऊ बळी त्याचे होते, १३८ धावांत नऊ. शेवटच्या फलंदाजाचा झेल सुटला नसता, तर दहाही त्याचेच झाले असते. हंगामाअखेर ७८ बळी झाले, वूस्टरशायर दोन विभागांपैकी वरच्या, म्हणजे पहिल्या विभागात चढले आणि झहीर त्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर भारताच्या संघात परतला. आपल्याला नंतर दिसलेला, चेंडू टाकण्यापूर्वीची धाव कमी करून चेंडूवर अधिक हुकूमत मिळवलेला झहीर त्या उन्हाळ्यात घडला, असे मी मानतो. आठवड्यामागून आठवडे, वेगवेगळ्या खेळपट्ट्यांवर, इंग्लंडमध्ये वापरल्या जाणाऱ्या ड्यूक्सच्या चेंडूने दिवसाला वीस-वीस षटके टाकण्याची संधी दुसरीकडे कुठे मिळाली असती?

झहीर परतला, पण मला त्या संघाची सवय झाली होती. वूस्टरशायरच्या न्यू रोड मैदानामागे वूस्टरचे कॅथीड्रल उभे आहे आणि सेव्हर्न नदी हिवाळ्यात त्या मैदानावर अक्षरशः येऊन राहते. २०२४ मध्ये पुरामुळे पहिले दोन घरचे सामने किडरमिन्स्टरला हलवावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात जॉश बेकर हा वीस वर्षांचा डावखुरा फिरकी गोलंदाज अकस्मात गेला. मी त्याला कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते, केवळ चित्रणात पाहिले होते. तरी ती बातमी वाचल्यावर मला दोन दिवस काही सुचले नाही. त्याच्या पाठीवर ३३ हा अंक असे. यंदा संघ दुसऱ्या विभागात घसरला आणि त्याच सप्टेंबरात ट्रेंट ब्रिजवर हॅम्पशायरला हरवून एकदिवसीय चषकही जिंकला. मी ते दोन्ही एकाच खोलीत, एकाच खुर्चीत बसून पाहिले.

तेव्हा टाँटनकर, खेळाडूचा हात धरून आत येणाऱ्यांना कमी लेखू नये. दार तेच असते.

जुना रेडिओ (१ ऑक्टोबर २०२५)

श्रीरामपूरकरांचे शेवटचे वाक्य मला पटले, कारण माझ्या पिढीला दुसरे दार नव्हतेच. आम्ही काउंटी क्रिकेट वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरील चार ओळींतून पाहिले. फारुख इंजिनिअर १९६८ ते १९७६ लँकेशायरकडून खेळले, म्हणून आमच्या दादर-माटुंग्याच्या मुलांना ओल्ड ट्रॅफर्ड हे लँकेशायरच्या मैदानाचे नाव शाळेच्या वयात पाठ झाले. या जुलैमध्ये तिथल्या एका स्टँडला त्यांचे आणि दुसऱ्याला क्लाइव्ह लॉइड यांचे नाव देण्यात आले, तेव्हा मला फार समाधान वाटले. १९८० मध्ये व्हिव्ह रिचर्ड्स वेस्ट इंडीजच्या संघाबरोबर असल्यामुळे सुनील गावसकर एक हंगाम सॉमरसेटकडून खेळले होते. म्हणजे टाँटनकरांच्या मैदानाशी मुंबईचे नाते जुने आहे.

एक योगायोग मला नेहमी आठवतो. ३१ ऑगस्ट १९६८ रोजी स्वान्सीला गॅरी सोबर्सनी माल्कम नॅशच्या एका षटकात सहा षटकार मारले. तो नॅश ग्लॅमॉर्गनचा. पुढे १९८५ मध्ये वानखेडेवर रवी शास्त्रींनी तिलक राजच्या षटकात तोच पराक्रम केला आणि दोनच वर्षांनी शास्त्री खेळायला गेले, ते ग्लॅमॉर्गनकडेच.

शिवाजी पार्क यांच्या पहिल्या मुद्द्यावर मला इतकेच सांगायचे आहे की रणजी करंडक ज्यांच्या नावाने आहे, त्या रणजितसिंहांचे क्रिकेट ससेक्सचे होते. २२ ऑगस्ट १८९६ रोजी होव्हला यॉर्कशायरविरुद्ध त्यांनी एकाच दिवसात दोन्ही डावांत शतके केली. दोन्ही परंपरा एकमेकींना परक्या नाहीत.

शिवाजी पार्क (१ ऑक्टोबर २०२५)

परक्या आहेत असे मी म्हटलेले नाही. दूरच्या संघासाठी सहा महिने देणारा रसिक जवळच्या संघासाठी चार दिवस देत नाही, एवढेच मी म्हटले.

कार्डिफहून (२ ऑक्टोबर २०२५)

मी मूळची कोल्हापूरची, गेली अकरा वर्षे कार्डिफमध्ये आहे. माझ्या बाबतीत हा प्रश्न उलटा आहे. माझ्यासाठी ग्लॅमॉर्गन हाच जवळचा संघ आहे आणि त्याच्या सोफिया गार्डन्स मैदानावर मी मुलांना घेऊन चालत जाते. वेल्समधील ही एकमेव काउंटी आणि तिची तीनच विजेतेपदे, १९४८, १९६९ आणि १९९७.

कंटाळवाण्या सामन्यांचा विषय निघाला आहे, म्हणून ३ जुलै २०२४ चा दिवस सांगते. चेल्टनमच्या कॉलेज मैदानावर ग्लॉस्टरशायरविरुद्ध आमच्यापुढे चौथ्या डावात ५९३ धावांचे लक्ष्य होते. तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारणीने विचारले तेव्हा मी म्हणाले होते की आता यात पाहण्यासारखे काही उरलेले नाही. सॅम नॉर्थईस्टने १८७ आणि लाबुशेनने ११९ धावा केल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात रेडिओ लावून पोळ्या करत होते. दोन्ही बाजूंच्या धावा समान, एक चेंडू बाकी आणि शेवटचा फलंदाज मॅकिलरॉय समोर. त्याच्या बॅटची कड लागली आणि यष्टिरक्षक जेम्स ब्रेसीने, ज्याने त्या चेंडूसाठी एक हातमोजा काढून ठेवला होता, त्या उघड्या हाताने झेल घेतला. सर्व बाद ५९२. सामना बरोबरीत.

तव्यावरची पोळी जळाली आणि माझा धाकटा मुलगा रडू लागला, कारण आपण जिंकलो की हरलो हे त्याला कोणी सांगेना. मलाही सांगता आले नाही. तो आता नऊ वर्षांचा आहे आणि यंदा ग्लॅमॉर्गन पहिल्या विभागात चढले, तेव्हा त्याने शाळेत जाऊन सर्वांना सांगितले. टाँटनकर म्हणतात तसे चौदाही सामने सोबत केले असतील, तरच अशा एका संध्याकाळचे वजन कळते.

आणखी एक. इथे आत्तापर्यंत सारी नावे पुरुषांची आली. २०२५ पासून इंग्लंडमधील व्यावसायिक महिला संघही काउंट्यांकडे आले आहेत. त्याआधी २०१८ मध्ये सांगलीची स्मृती मानधना वेस्टर्न स्टॉर्म संघाकडून खेळली आणि तिने लफबरोच्या संघाविरुद्ध १८ चेंडूंत अर्धशतक केले. तिच्यामुळे माझी मोठी मुलगी क्रिकेट पाहू लागली.

ऑफस्पिन (२ ऑक्टोबर २०२५)

मी नाशिकला मुलांना फिरकी शिकवतो आणि काउंटी हंगाम प्रेमाने पाहतो. माझी तक्रार हंगामाच्या आखणीबद्दल आहे, आणि ती निष्ठेच्या या चर्चेबाहेरची नाही, कारण आपण ज्याचे चौदा सामने पाहायचे म्हणतो, ते चौदा सामने कधी खेळवले जातात, यावरच काय पाहायला मिळणार हे ठरते.

एप्रिलमध्ये इंग्लंडची जमीन ओली आणि हवा थंड असते, ड्यूक्सच्या चेंडूची शिवण उठावदार असते आणि ताशी १२० किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकणारा, टप्पा न सोडणारा मध्यमगती गोलंदाज सकाळभर थांबवता येत नाही. फिरकी गोलंदाज चौथ्या दिवसाची वाट पाहतो आणि सामना तिसऱ्याच दिवशी संपतो. जूनपासून खेळपट्ट्या कोरड्या होऊ लागतात, तेव्हा हंगाम टी-ट्वेंटीकडे जातो आणि ऑगस्ट हा उन्हाचा उत्तम महिना शंभर चेंडूंच्या ‘द हंड्रेड’ या स्पर्धेसाठी राखून ठेवला जातो. चार दिवसांचे क्रिकेट पुन्हा सप्टेंबरात येते आणि तेव्हा सामना साडेदहालाच सुरू करावा लागतो, कारण संध्याकाळी उजेड पुरत नाही.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाला हे कळत नाही असे नाही. २०१६ ते २०१९ या काळात पाहुण्या संघाला हवे असल्यास नाणेफेक न करता थेट गोलंदाजी घेण्याची मुभा होती, जेणेकरून यजमानांनी हिरव्या खेळपट्ट्या करू नयेत. २०२३ पासून काही फेऱ्यांत कमी उठावदार शिवणीचा कुकाबुरा चेंडू वापरून पाहिला. त्याचा परिणाम यंदा जूनमध्ये ओव्हलवर दिसला. सरेने डरहॅमविरुद्ध ९ बाद ८२० धावांवर डाव सोडला, डॉम सिबलीने ३०५ केल्या आणि सामना अनिर्णित राहिला. चेंडू बदलून फिरकी येत नाही. महिना बदलावा लागतो.

माझ्या मुलांना मी दोन चित्रणे दाखवतो. एक यंदाच्या जुलैमधले, लेस्टरशायरच्या रेहान अहमदने डर्बीशायरविरुद्ध एकाच सामन्यात शतक आणि तेरा बळी मिळवले त्याचे. दुसरे टाँटनचे आहे, पण ते सांगण्याचा मान टाँटनकरांचा आहे.

लेस्टरवासी (२ ऑक्टोबर २०२५)

रेहानचा उल्लेख झाला आणि मला राहवले नाही. मी ग्रेस रोडचा, म्हणजे लेस्टरशायरच्या मैदानाचा सभासद आहे. २००३ नंतर प्रथमच आम्ही पहिल्या विभागात खेळणार आहोत. मधल्या काळात असे हंगाम पाहिले आहेत की अख्ख्या हंगामात एकही विजय नाही, आणि तरी सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी तीच शंभर-दीडशे माणसे त्याच जागी बसलेली असत.

ग्रेस रोड हे सुंदर मैदान नाही. घरांच्या रांगांतून वाट काढत जावे लागते. पण याच गावात आपली हजारो गुजराती, पंजाबी आणि काही मराठी कुटुंबे आहेत. २०२४ मध्ये अजिंक्य रहाणे आमच्याकडून खेळला, तेव्हा प्रथमच आपल्या लोकांची मुले सीमारेषेपाशी मोठ्या संख्येने आली. रहाणे प्रत्येकाला सही देईपर्यंत थांबत असे. २०१९ मध्ये हॅम्पशायरकडून आयल ऑफ वाइट बेटावर पदार्पण करताना त्याने ११९ धावा केल्या होत्या, हे मला तिथल्याच एका इंग्रज आजींनी सांगितले. त्या तेव्हा बोटीने तो सामना पाहायला गेल्या होत्या. रहाणे गेल्यावर त्या मुलांपैकी किती परत आली, असे विचाराल, तर सगळी नाही आली. पाच-सहा येतात. माझ्या मते पाच-सहा पुष्कळ आहेत.

नवखा११ (३ ऑक्टोबर २०२५)

सर्वांना नमस्कार. हे सामने भारतात कुठे दिसतात, आणि गुणतालिका कशी वाचायची, हे कोणी सांगेल का?

आकडेमोड (३ ऑक्टोबर २०२५)

नवखा११, अठरा काउंट्या आहेत. पहिल्या विभागात दहा आणि दुसऱ्यात आठ. दरवर्षी दोन संघ वर जातात आणि दोन खाली येतात. विजयाला १६ गुण आणि अनिर्णिताला ८. याखेरीज पहिल्या डावाच्या पहिल्या ११० षटकांत फलंदाजीचे बोनस गुण मिळतात. २५० धावांना पहिला गुण, पुढे प्रत्येक ५० धावांना एक, असे ४५० पर्यंत पाच. गोलंदाजीसाठी तीन, सहा आणि नऊ बळींना एकेक गुण. त्यामुळे पराभवाच्या छायेतही एखादा संघ ३९६ धावांवर असेल, तर १०९वे षटक श्वास रोखून पाहण्यासारखे असते. बहुतेक काउंट्या आपल्या सामन्यांचे चित्रण यूट्यूबवर किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य दाखवतात आणि त्यावर बीबीसीच्या स्थानिक रेडिओचे समालोचन असते.

टाँटनकर (३ ऑक्टोबर २०२५)

सर्वांचे आभार. आधी चूक कबूल करतो. श्रीरामपूरकर आणि लेस्टरवासी यांनी लिहिले ते वाचल्यावर खेळाडूच्या मागे जाणाऱ्यांविषयी मी घाईने मत दिले होते, असे वाटते. १९९२ मध्ये यॉर्कशायरने काउंटीच्या हद्दीत जन्मलेल्यांनाच घेण्याचा आपला रिवाज मोडून पहिला परदेशी खेळाडू घेतला, तो एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर होता. त्याने त्या हंगामात १०७० धावा केल्या. त्याच्यामुळे हेडिंग्लीचे, म्हणजे यॉर्कशायरच्या मैदानाचे झालेले मराठी रसिक मला माहीत आहेत आणि ते माझ्याइतकेच पक्के आहेत. पुजाराचा २०२२ चा ससेक्सचा हंगामही तसाच. भारतीय संघातून वगळलेला माणूस आठ सामन्यांत १०९४ धावा करतो, त्यात तीन द्विशतके, आणि ससेक्स मात्र दुसऱ्या विभागाच्या तळाशी धडपडत राहते. त्या धावा पाहताना ससेक्सकडे न पाहणे शक्य नव्हते.

शिवाजी पार्क यांना प्रामाणिक उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. गहुंजेला मी गेल्या पाच वर्षांत दोनदा गेलो आहे. ते कमी आहे. या हिवाळ्यात महाराष्ट्राचा पहिला घरचा सामना मी चारही दिवस पाहीन, आणि येथे लिहीन.

ऑफस्पिन यांनी माझ्यासाठी राखून ठेवलेले चित्रण सप्टेंबर २०२४ चे आहे. टाँटनला गतविजेत्या सरेविरुद्ध सामना, चौथा दिवस. सरेला २२१ धावा हव्या होत्या, पण त्यांना अनिर्णितही चालणार होते. आमच्या दुसऱ्या डावात टॉम बँटन घोटा दुखावलेला असताना शेवटी लंगडत फलंदाजीला आला होता आणि त्याने ४६ धावा जोडल्या होत्या. त्याशिवाय लक्ष्य उभेच राहिले नसते. सरे ३ बाद ९५ वर होते, खेळ संपायला फार वेळ नव्हता आणि मी मनाने अनिर्णिताचे ८ गुण तालिकेत मांडूनही टाकले होते. मग एका टोकाने जॅक लीच आणि दुसऱ्या टोकाने अठरा वर्षांचा आर्ची वॉन. फलंदाजाभोवती क्षेत्ररक्षकांचे कडे, प्रत्येक चेंडूला मैदानभर शांतता आणि लगेच ओरडा. शेवटचे सात बळी १४ धावांत गेले. सरे सर्व बाद १०९, दोघांना पाच-पाच बळी, आणि घड्याळात थोडीच मिनिटे शिल्लक. पुण्यात रात्रीचे साडेदहा होत आले होते. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, कारण घरातले सारे झोपले होते आणि मला आवाज आवरत नव्हता.

पुढच्याच फेरीत आम्ही लँकेशायरकडून हरलो आणि विजेतेपद पुन्हा सरेकडे गेले, सलग तिसऱ्यांदा.

शिवाजी पार्क (४ ऑक्टोबर २०२५)

टाँटनकर, आपले उत्तर मला आवडले. वानखेडेवर कधी आलात, तर जरूर कळवावे, दोघे मिळून बसू.

आपल्या सर्वांचे वाचून माझी एक शंका मात्र वाढली. ज्या संघांवर आपण इतका जीव लावता, त्यांचे पुढे काय होणार? अठरांपैकी पंधरा काउंट्या आजही सभासदांच्या मालकीच्या आहेत, आणि माझ्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. आपल्याकडे कोणत्या रणजी संघाच्या कारभारात सामान्य रसिकाचे मत विचारले जाते? पण हॅम्पशायर आता दिल्लीच्या आयपीएल संघात भागीदार असलेल्या जीएमआर समूहाकडे गेले आहे आणि ‘द हंड्रेड’मधील ओव्हलच्या संघातला ४९ टक्के हिस्सा रिलायन्सने घेतला आहे. पैसा आपल्याकडून जातो आहे आणि तो चार दिवसांच्या क्रिकेटसाठी जात नाही. शार्दुल ठाकूरचा यंदा एसेक्सशी करार झाला होता. आयपीएलमध्ये बदली खेळाडू म्हणून बोलावणे आले आणि तो करार तिथेच राहिला. पालघरच्या मुलाने एप्रिलच्या थंडीत चेम्सफर्डला गोलंदाजी केलेली मला पाहायची होती.

लेस्टरवासी (४ ऑक्टोबर २०२५)

शंका योग्य आहे. याच वर्षी चौदाऐवजी तेरा सामने करण्याचा प्रस्ताव होता आणि त्याला पुरेशी मते मिळाली नाहीत. आमच्या सभेत एक सत्तरीच्या बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की माझ्या आयुष्यात आता किती उन्हाळे उरलेत ते मला माहीत नाही, त्यातला एकही सामना मी कोणाला देणार नाही. सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही. निधी हवा, हे सर्वांना मान्य आहे. परंतु हे सामने ज्यांच्यासाठी आहेत, ती माणसे अजून उठून बोलतात आणि त्यांचे मत मोजले जाते.

ऑफस्पिन (४ ऑक्टोबर २०२५)

तेरा सामने होऊन त्यातले पाच जून-जुलैत आले असते, तर मी तेरालाही हात वर केला असता. हे माझे मत मी इथे एकटा पडलो तरी सोडणार नाही.

नवखा११ (५ ऑक्टोबर २०२५)

आकडेमोड, माहितीबद्दल आभारी आहे. सगळा धागा दोनदा वाचला. एप्रिलपर्यंत एक काउंटी ठरवायची आहे. मी विरारचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पृथ्वी शॉने नॉर्थहॅम्पटनशायरकडून सॉमरसेटविरुद्ध २४४ धावा केल्या, त्या मी मोबाईलवर पाहिल्या होत्या, आणि काही दिवसांनी गुडघा दुखावून तो परतला तेव्हा मीही पाहणे सोडले. म्हणजे टाँटनकरांनी पहिल्या लेखात वर्णन केलेला रसिक मीच. जिंकणारा संघ निवडणे मला बरे वाटत नाही. काय करावे?

टाँटनकर (५ ऑक्टोबर २०२५)

नवखा११, तुमची काउंटी तुम्ही आधीच सांगितली आहे. नॉर्थहॅम्पटनशायरनेही ही स्पर्धा आजवर एकदाही जिंकलेली नाही. बिशनसिंग बेदी सत्तरच्या दशकात सहा हंगाम तिथे खेळले आणि २०२४ मध्ये करुण नायरने तिथे द्विशतक केले, म्हणून तुम्हाला तिथे अगदी परके वाटणार नाही. शॉची २४४ धावांची खेळी माझ्या संघाविरुद्ध होती. त्या दिवशी मी चित्रण मध्येच बंद केले होते. पुढच्या वेळी करणार नाही.

श्रीरामपूरकर (५ ऑक्टोबर २०२५)

नवखा११, आमचे वूस्टर आता दुसऱ्या विभागात आले आहे आणि नॉर्थहॅम्पटनही तिथेच आहे. आपले सामने होतील. हिवाळ्यात सेव्हर्नला पूर आला की क्लब पाण्याखालील मैदानाची छायाचित्रे प्रसिद्ध करतो. ती मी दरवर्षी जपून ठेवतो. या वेळी इथेही टाकीन.

नवखा११ (५ ऑक्टोबर २०२५)

ठरले. नॉर्थहॅम्पटनशायर. एप्रिलच्या पहिल्या सामन्याला दुपारी साडेतीनला मी कामावर असेन, पण कानात रेडिओ असेल.